घळीतलं बिनफुलाचं झाड

माय,

मी कॉलेजच्या लॅबमध्ये सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं, त्या क्षणी सगळं बदललं. त्याआधी काहीच बिघडलेलं नव्हतं. टेबलावर रद्दी पेपरात दाबलेली पानं पसरली होती, सर बाहेर व्हरांड्यात फोनवर बोलत होते. ती माझ्याच वर्गातली, तिचा चुलत भाऊ आमच्याच कॉलेजात एक वर्ष पुढे. तो दाराला टेकून मला म्हणाला, "काबे माळी, आमच्या घरी कुंड्या पोचवून देतं म्हणते?" कुंडी एकच होती, तीही तेलाचा डबा कापून केलेली. हसून सोडून देता आलं असतं. ती समोरच्या टेबलापाशी उभी होती, डोळ्यांनी नको-नको म्हणत होती. पण माझं डोकं कसं आहे ते तुला माहीत आहे. मी तिचं नाव घेतलं, मोठ्यानं, आणि म्हणालो, "हो, देतो. हाय आमचं. लगन करणार हावो आमी. ज्याले सांगाचं हाय त्याले सांग." त्यानं मला ढकललं, मी त्याची कॉलर धरली, काचेची एक बरणी खाली पडून फुटली. संध्याकाळपर्यंत गोष्ट चामोर्शीला तिच्या घरी पोचली. दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजात आली नाही. कॉलेजनं मला वडिलांना घेऊन यायला सांगितलं होतं. मी बाबांना काही बोललोच नाही. होस्टेलमधली पेटी उचलली आणि गडचिरोलीहून सरळ अहेरीला, घरी आलो. दुसरं वर्ष अर्धं राहिलं ते राहिलंच.

आज तिचं साक्षगंध आहे. चामोर्शीला, तिच्या घरासमोर मांडव टाकून. मुलगा वरोऱ्याचा, घरची सोयाबीन-कापसाची शेती, स्वभावानं चांगला आहे म्हणतात. तो चांगला आहे हेच मला सहन होत नाही. परवा तिचा निरोप आला मोबाईलवर. "येऊ नको. माझ्यासाठी एवढं कर." पुढं काही नाही. जायचं की बसून राहायचं, एवढाच आजचा प्रश्न आहे. बाबा मिलवर ट्रॅक्टरनं गेलेत, त्यांची मोटरसायकल दारात उभी आहे. सकाळी माझा दोस्त येऊन गेला. उंबरठ्यावर बसला, म्हणाला, "सांग पटकन. हो म्हणशीन तं आत्ता निघू, मांडवात उभं राहू, जे होईन ते होईन. नाई म्हणशीन तं मी एकटाच जातो. माह्या घरी निमंत्रण हाय, जेवण काऊन सोडू?" तो उठला, पँट झटकली. "तुले वाटलं तं ये मागून. पण शर्ट घालून ये बावा. या बनियनवर कोणती पोरगी येईन तुह्यासंगं?"

तो गेला. अजून वेळ आहे. आत्ता निघालो तरी अंगठ्या घालायच्या आधी पोचतो. म्हणून मी बसलो आहे आणि तुला लिहितो आहे. तुलाच का, तर ज्या डब्यावरून हे सगळं झालं त्यातलं झाड तुझं होतं. तुझ्या घळीतलं.

मोहफुलं पडायचे दिवस. मी सहावीत असेन. आपण दोघं उजाडताना निघालो आहोत, तुझ्या डोक्यावर टोपली, माझ्या हातात पाण्याची बाटली. जंगल पार उघडं झालेलं. सागवानाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडतात, पळस तेवढा पेटलेला. टोपली भरेपर्यंत ऊन चढतं, माझं डोकं दुखायला लागतं, आणि तू म्हणतेस, "चाल, थंड्या जागी जाऊ." मला वाटलं कोणाच्या तरी झोपडीत. तू मला नाल्याच्या घळीत उतरवलंस. उतरताना आधी गार वास आला, मग हिरवं दिसलं. वर जांभूळ, आंबा, अर्जुन एकमेकांत शिरलेले, भर उन्हाळ्यात एकाचंही पान झडलेलं नाही. खाली दगडांच्या फटीतून पाणी पाझरत होतं. आणि त्या पाण्याच्या कडेनं ती झाडं, गुडघ्याएवढी, गर्द, पानं ओल्या चामड्यासारखी. प्रत्येक पानाच्या टोकाला लांब शेपूट. शेपूट जिथं मातीला टेकलं होतं तिथं मुळं फुटून दुसरं लहानसं झाड उभं राहिलं होतं. तू पदर भिजवून डोक्यावर घेतलास आणि म्हणालीस, "पाहय, कसं चालून राह्यलं. एक पाऊल टाकते, थांबते, मंग दुसरं."

"याले फूल कधी येते?"

"याले फूलच नाई. बिनफुलाचं हाय."

"मंग बी कुठून येते?"

"मले काय माईत? मी काय त्याची सुईण हावो?"

तू हसलीस तेव्हा तुझे सगळे दात दिसायचे, आणि तू लगेच हात तोंडावर न्यायचीस. हे मला आज लिहिताना आठवलं. इतकी वर्षं आठवलं नव्हतं.

त्यातलं एक रोप तू काडीनं उकरलंस, ओल्या बारदान्यात गुंडाळलंस, वर पळसाची पानं बांधलीस आणि मोहाच्या टोपलीवर ठेवून घरी आणलंस. परसात आपला रांजण होता. तो झिरपायचा, त्याच्या तिवईखाली बारा महिने ओल राहायची, तिथं एका फुटक्या मडक्यात तू ते लावलंस. बाबा म्हणाले, "नर्सरीत दिवसभर झाडं, घरी पुन्हा झाड. मानसाकडं कधी पाहाचं?" तू चुलीपाशी लाखोळीची डाळ घोटत होतीस. मागं न वळता म्हणालीस, "मानूस पाणी मागून पेते. याले कुठी तोंड हाय?" बाबांनी त्यावर स्वतः उठून रांजणातून पाणी घेतलं, आणि घेताना थोडं मुद्दाम मडक्यात सांडलं. मी पाहिलं ते. तू पाहिलंस की नाही कोणास ठाऊक.

नर्सरीत तुझा जीव होता. वनखात्याची नर्सरी, तू तिथं रोजंदारीवर. शाळा सुटली की मी तिकडेच यायचो. काळ्या पिशव्यांच्या ओळी, सागवान, बांबू, आवळा, आणि तुम्ही पाच-सहा बाया झाऱ्या घेऊन त्या ओळींतून फिरताय. एकदा मी घाईत एक रोप बुडख्याला धरून वर ओढलं. पिशवी खाली, रोप हातात. तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की बाकीच्या बाया थांबून पाहायला लागल्या. "मानेले धरून उचलतेत का लेकराले? पिशवीले धर!" मला रडू नाही आलं, राग आला. मी नर्सरीच्या फाटकाबाहेर जाऊन बसलो. तू आली नाहीस. एक बाई म्हणाली, "जा वं, पोरगं रुसलं." तू म्हणालीस, "बसू दे. राग त्याचा हाय, त्यालेच घेऊन येऊ दे." मी बऱ्याच वेळानं आलो. तू काहीच झालं नाही असं दाखवत माझ्या हातात झारी दिलीस. लॅबमध्ये मी त्याची कॉलर धरली तेव्हा माझ्या मुठीत कापड होतं की मान, ते मला अजून नीट आठवत नाही.

मग ज्येष्ठ आला. नर्सरीत या दिवसांत काय करायचे ते मी पाहिलेलं आहे. पावसात रोपं जंगलात लावायची असतात, म्हणून आधीच हिरव्या जाळीच्या सावलीतून ती उन्हात काढायची. पाणीही कमी-कमी करत न्यायचं. लाडात वाढलेलं रोप जंगलात टिकत नाही, कडक व्हावं लागतं. तू लाखानं रोपं अशी कडक केली असशील. एका सकाळी तू रांजणाखालचं मडकंही उचललंस आणि अंगणात तुळशीजवळ, उघड्या उन्हात नेऊन ठेवलंस. मी विचारलं काऊन, तर म्हणालीस, "पाऊस लागला का अंगणात लावून देऊ. रांजणाखाली किती दिवस बसन? कडक झालं पायजे." पाणी निम्मं केलंस. दोन दिवसांत पानं आतल्या बाजूला वळली. शेपटं वाळून दोऱ्यासारखी झाली. मग अख्खं झाड तंबाखूच्या रंगाचं झालं. तू परत रांजणाखाली नेलंस, पाणी दिलंस, वरून ओला बारदाना टाकलास. काही उपयोग झाला नाही. मला तू उकिडवी बसलेली दिसतेस, हात गुडघ्यांवर, माती लागलेले. "मले वाटलं सागवानासारखंच असन," तू म्हणालीस. दुसऱ्या कोणी ही चूक केली नसती. दुसऱ्या कोणी ते सरळ सावलीतच राहू दिलं असतं. तुला वाढवायचं माहीत होतं, म्हणून तू ते उन्हात काढलंस.

पाऊस लागेपर्यंत तू त्या रिकाम्या मडक्यात रोज पाणी टाकत होतीस. खाली गड्डा जिवंत असेल म्हणायचीस. पाऊस लागला, आणि तुला ताप आला. पहिल्या दिवशी तू तापातच कामावर गेलीस. तिसऱ्या दिवशी तुला आम्ही ओळखू येईना. चंद्रपूरला न्यायला गाडी आली, मला शेजारणीकडे ठेवलं. गाडीत चढवताना तुझी एक चप्पल चिखलात राहिली. मी ती धुऊन ठेवली होती, परत आल्यावर लागेल म्हणून. त्या हिवाळ्यात बाबांनी त्या मडक्यात धने चुरून सांबार पेरला. मी कित्येक दिवस भाजीतली सांबाराची हिरवी पानं वेचून ताटाबाहेर काढायचो. बाबा पाहायचे. त्यांनी कधी विचारलं नाही.

बॉटनी मी तुझ्यामुळे घेतलं असं मी सगळ्यांना सांगतो, पण खरं म्हणजे दुसरीकडे नंबर लागला नव्हता. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर सर म्हणाले, नेचे पाहायला सहल न्यायची आहे, कोणाला एखादी ओलसर जागा माहीत आहे का. मी हात वर केला. माझा हात वर गेलेला पाहून मागची पोरं हसली, कारण तो एरवी भांडणातच वर जायचा. तर माय, मी पंधरा-वीस पोरापोरींना आणि सरांना तुझ्या घळीत उतरवलं. सर पाण्यातच गुडघे टेकून बसले. म्हणाले, हे बोल्बिटिस. हे आपल्या जंगलाचं झाड नाही. हे सदाहरित जंगलातलं, जिथं वर्षभर सावली आणि ओल असते तिथलं. आपलं जंगल पानझडीचं, उन्हाळ्यात नागडं होणारं. फक्त अशा एखाद्या घळीत सदाहरित जंगलाचा तुकडा राहून जातो आणि त्यात हे टिकून राहतं. घळीच्या बाहेर चार पावलं गेलं तर जगणार नाही. मी तिथं उभा होतो आणि मला तू उकिडवी बसलेली दिसत होतीस. सरांना सांगावंसं वाटलं की हे वाक्य तुम्ही सात-आठ वर्षं उशिरा आणलं.

ती माझ्या शेजारी उभी होती. तोवर आम्ही कधी बोललो नव्हतो. सर सांगत होते की नेच्याला फूल नाही, तर फुलपाखरू-माशीचं काम नाही. पाण्याचा पातळ थर लागतो, त्यातून पोहत एकातलं नरबीज दुसऱ्यापर्यंत जातं. ती हळूच म्हणाली, "म्हंजे याचं लगन उन्हाळ्यात लागत नाई तं." मी इतक्या जोरात हसलो की सर थांबले. नंतर चढून वर येताना तिनं विचारलं, "तुले ही जागा कशी माईत?" मी म्हणालो, माह्या मायची हाय. "माय कुठी हाय मंग?" मी सांगितलं. आपल्याकडे लोक लगेच अरेरे करतात, तिनं केलं नाही. थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "तुह्या मायनं काय नाव ठेवलं होतं याचं?" बिनफुलाचं. "सरच्या नावापरीस बरं हाय."

दिवाळीनंतर मी घळीतून एक रोप काढून तेलाच्या डब्यात लावलं आणि चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी तिला नेऊन दिलं. तुझं झाड कसं मेलं ते तिला सांगितलं. तिनं ते घरच्या न्हाणीत टाकीच्या मागं ठेवलं, तिथं ऊन येत नाही. दर आठवड्याला फोटो पाठवायची. नवीन पान उलगडताना गोगलगायीसारखं गुंडाळलेलं असतं ना, त्याचा फोटो. एकदा शेपटानं डब्याच्या मातीला टेकून मूळ धरलं, त्या दिवशी तिनं वर्गात चिठ्ठी सरकवली, "चाललं!" बस एवढंच. आणि ती मला सारखी सांगत होती, "थांब. वर्षाची परीक्षा होऊ दे. बाबाले मीच सांगन, माह्या टायमानं सांगन. तू मधात बोलू नको." मला ते लपून राहणं कमीपणाचं वाटायचं. आपण काय चोरी करून राह्यलो का, असं मी तिच्याशी भांडायचो. खरं असेल तर उघड्यावर टिकलं पाहिजे, असं मला वाटायचं. तू झाडाचं जे केलंस, तेच मी केलं, माय. फरक इतकाच की तुझ्या मनात राग नव्हता.

मागच्या आठवड्यात तिची मैत्रीण इथल्या बसस्टँडवर तो डबा घेऊन उतरली. पिशवीत घातलेला, वरून ओढणी. म्हणाली, "पावणे येऊन राह्यले तिच्या घरी. न्हाणीत धुणी-भांडी, साबणाचं पाणी पडते याच्यावर. मरून जाईन म्हणे, त्याले देऊन ये."

"अजून काय म्हणे?"

"अजून काय म्हणाव तिनं?" ती चिडली. "रडून राह्यली सांगू? रडून राह्यली. झालं समाधान?"

मी डबा घेऊन त्याच पावली घळीत गेलो. जंगल परत उघडं झालं आहे, मोह लागायला आला आहे. वाटेत आपल्या नर्सरीवरून गेलो, आता तिथं जाळी फाटून लोंबते आणि आत कोणी बाया नव्हत्या. नाक्यावरच्या नाकेदारानं हटकलं, "काय घेऊन चालला रे?" जंगलातून काही बाहेर नेताना ते हटकतात, मी आत नेत होतो, त्यामुळे त्याला काय बोलावं सुचेना. "झाड," मी म्हणालो. "जंगलात झाड नेऊन राह्यला?" तो हसला. "तिथी कमी पडले का?" घळीत पाणी होतं, बारीक, पण होतं. मी डबा उलटा केला, माती न फोडता रोप धरलं, पाण्याच्या कडेला हातानं खड्डा करून बसवलं. मूळ धरलेलं पिल्लूही तसंच. माती दाबली, हात धुतले, आणि वळून पाहिलं तर ते कुठलं ते मला सांगता येईना. सगळी सारखीच दिसत होती. सगळी एकमेकांत शेपटं टाकून उभी. मी बसून राहिलो, वाटलं एखाद्या पानावर साबणाचा डाग दिसेल, कापलेल्या डब्याचा ओरखडा दिसेल. नाही दिसला. तिच्या न्हाणीतलं, माझ्या हातातलं, काहीच वेगळं राहिलं नव्हतं.

लिहिता-लिहिता दोनदा उठलो मी. एकदा शर्ट घातला. एकदा मोटरसायकल स्टँडवरून काढली, शेजारची म्हातारी म्हणाली, "कुठी चालला बाबू एवढ्या उन्हाचा?" मी म्हणालो कुठी नाई, टायर पाहून राह्यलो. परत स्टँडवर लावली, परत येऊन बसलो. तोवर ऊन अंगणभर झालं. मग निघालो असतो तरी पंगतीलाच पोचलो असतो.

आत्ता फोन वाजला. दोस्त. मागे बँडवाल्यांचा गलका. "झालं बे," तो म्हणाला. "अंगठ्या घातल्या. लोकं जेवाले बसून राह्यले."

"कशी दिसून राह्यली?"

त्याला खोटं बोलता येत नाही, तोच त्याचा त्रास आहे. "चांगली दिसून राह्यली," म्हणाला. मग, "वांग्याची भाजी एक नंबर हाय. तुह्या वाटणीचीही मीच खातो. तू घरीच राह्य." आणि फोन ठेवला.

तू असतीस तर बाबांना म्हणाली असतीस, पोरगं शहाणं झालं, बसलं घरी. तसं नाही माय. मी तिचा शब्द पाळला असं सगळ्यांना वाटेल, तिलाही वाटेल, आणि मी ते वाटू देणार आहे. पण मी बसलो भीतीनं. मी मांडवात शिरलो असतो आणि ती रडली असती, तर मला काय करायचं ते माहीत होतं. तिच्या भावाशी मारामारी झाली असती, तरी माहीत होतं. पण मी शिरलो असतो आणि ती त्या वरोऱ्याच्या मुलाच्या कुठल्याशा बोलण्यावर खरंच हसत असती, तर? त्याला मी घाबरलो. दुसरं काही नाही.

हे तुला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. घरात फार गरम होतं आहे. बाबा यायच्या आत तोंड धुवायला हवं, त्यांना विचारायची सवय नाही पण दिसतं सगळं. पेन ठेवतो. उठतो आता, बाहेर जातो, आणि मागं दार लावून घेतो.